रोगाची चौथाई

चार बोटं वर करायची, दुसऱ्या हाताने करंगळी मिटायची आणि म्हणायचं, "एक गेला. तीन आपले."

बोटं एका बापाची, पण हिशेब मी शिकवलेला. म्हणून हे लिहिते आहे.

मी बीडच्या एका दवाखान्यात थॅलेसेमियाच्या मुलांच्या आईबापांना समजावून सांगण्याचं काम करते. या मुलांच्या अंगात रक्त टिकत नाही, दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरून चढवावं लागतं. आईबाप ठणठणीत असतात. दोष दोघांच्याही रक्तात लपलेला असतो.

तो तलवाड्याकडचा शेळ्या राखणारा. मामाचीच मुलगी केलेली. लेकीला खांद्यावर बसवून यायचा आणि तिला "सरपंच" म्हणायचा. "सरपंचाला खुर्ची द्या, मिटिंग हाय." रक्ताची पिशवी उजेडात धरून जनावर पारखावं तशी पारखायचा. "ही बरी हाय. मागल्या वेळची मरतुकडी व्हती." माझ्यासाठी बाटलीत शेळीचं दूध आणायचा. त्या चहाला असा वास यायचा की शिपाईही कप लांब धरायचा. तुम्हीही असे बाप पाहिले असतील. सगळ्या वॉर्डला हसवतात आणि सुई टोचताना भिंतीकडे तोंड करून उभे राहतात.

पहिल्याच भेटीत मी केसपेपरच्या पाठीमागे चार घरं काढली. एक कोरं, दोन अर्धी रंगवलेली, एक पूर्ण काळं, म्हणजे आजारी मूल. "चार पोरांत एक असं निघतं," मी म्हणाले. बाहेर रांग होती. पुढचं मूल जन्मायच्या आत, तिसऱ्या महिन्यात तपासणीला या, हेही सांगितलं. त्याने कागद घडी करून बंडीच्या खिशात ठेवला.

बायको दारात थांबली. "बाई, दुसऱ्या येळंला ही चार घरं पुन्हा नव्यानं काढायची का?"

"मालकांना सगळं सांगितलंय," मी म्हणाले. "त्यांना विचार." आणि पुढचा नंबर पुकारला.

दोन वर्षांनी ती आली ती सातवा महिना घेऊन. मी त्याच्यावर उखडले. "तपासणीला का नाही आलात?"

"कावून यायचं?" त्याने चार बोटं वर केली, करंगळी मिटली. "एक गेला. तीन आपले."

मग त्याने मला अर्धलीचा कायदा समजावला. दुसऱ्याची शेळी आपण राखायची, करडं निम्मी मालकाची, निम्मी आपली. मालकाचा वाटा एकदा दिला की त्याने पुन्हा दावणीकडे बघायचं नाही. "आमचा मालक निम्मं घेतो, बाई. ह्यो रोग लई बरा, चौथाईवर राजी हाय. त्याची चौथाई सरपंचात देऊन बसलो."

मी नवा कागद घेतला. पुन्हा चार घरं काढली. म्हटलं, "अहो, रोग वाटा घेऊन घरी जात नाही. प्रत्येक पोराला हीच चार घरं. पहिलं पोर कसं निघालं, हे दुसऱ्याला कळत नाही."

तो समजूतदारपणे हसला. "एकाच शेळीचा वाटा दोनदा कोण मागतं, बाई?"

बायको खाली बघत होती. 

मुलगा झाला. वर्षाच्या आत पांढरा पडू लागला. रिपोर्ट मीच वाचून दाखवला. त्याने सवयीने चार बोटं वर केली आणि हात तसाच राहिला. कुठलं मिटायचं ते त्याला कळेना.

"बेइमान हाय," तो शेवटी म्हणाला. "वाटा घेऊन बी परत आला."

"म्या इचारलं व्हतं," बायको म्हणाली. त्याला वाटलं, ती त्याला बोलते आहे. ती माझ्याकडे बघत होती.

त्यानंतर तो एकदाच आला, तेही फाटकापर्यंत. दूध नव्हतं. पुढे कळलं की शेळ्या मालकाला परत करून तो ऊसतोडीच्या टोळीबरोबर कर्नाटकात गेला. टोळी परत आली, तो आला नाही. फोन लागत नाही. त्याला पळपुटा म्हणणारे दवाखान्यात पुष्कळ आहेत. मी म्हणत नाही, मला तो हक्क नाही.

आता मी कागदावर घरं काढते, तो कागद त्यांच्यासमोर फाडते आणि दुसऱ्यावर पुन्हा काढते. "दर वेळी नवा कागद," असं सांगते. आणि आधी बाईला विचारते, तुला काय कळलं. पद्धत चांगली आहे. मला ती त्याच्या बायकोने दारात उभं राहून फुकट सांगितली होती.

ती आता दोघांना घेऊन एकटी येते. शेजारशेजारच्या खाटा, दोन पिशव्या. परवा धाकट्याला सुई टोचायची होती, तो किंचाळत होता. सरपंचाने आपला मोकळा हात लांब करून त्याचा पंजा धरला. त्याची चार बोटं उभी केली, करंगळी मिटली आणि थेट बापाच्या आवाजात म्हणाली, "एक गेला. तीन आपले."

पोरगं रडायचं थांबलं. उरलेली तीन बोटं बघत राहिलं.