शुभेच्छांनी जड झालेली वेबसाइट

दूध संघाच्या वेबसाइटचं पान उघडत नव्हतं आणि चेअरमन मला सर्व्हर मोठा घ्या म्हणून सांगत होते. कोल्हापुरातल्या त्यांच्या केबिनमध्ये माझ्या शेजारी सुशीलाकाकू बसल्या होत्या. शिरोळकडच्या. त्यांच्या दोन म्हशींपैकी एक नुकतीच मेली होती. दुसरी आज-उद्या व्यायची होती.

म्हैस व्याल्यावर कधीकधी अंगातलं कॅल्शियम एकदम उतरतं. जनावर बसतं ते उठत नाही. डॉक्टरनं वेळेत शिरेतून कॅल्शियम दिलं तर वाचतं. संघानं डॉक्टर बोलवायचा फोन बंद करून ते काम वेबसाइटवर टाकलं होतं. आधुनिकीकरण म्हणे! पहिली म्हैस व्याल्यावर अशीच बसली, तेव्हा काकूंनी गोठ्यातून मोबाइलवर 'डॉक्टर बोलवा' हे बटण शोधलं. आधी पांढरं पान, मग पाकळ्या, मग सनई, मग एका संचालकाचा हसरा फोटो. बटण काही आलं नाही.

"तुमची फुलं पडायची थांबस्तवर म्हस गेली की माझी," काकू म्हणाल्या. चेअरमननी माझ्याकडे असं बघितलं, जशा काही पाकळ्या मीच टाकल्या होत्या. मला तर दुरुस्तीला त्याच दिवशी बोलावलं होतं.

स्क्रिप्ट म्हणजे पानासोबत येणारा हुकूम. पाकळ्या पाड, सनई वाजव, फोटो सरकव. मोबाइल बिचारा एकेक हुकूम उतरवून घेतो, पाळतो, आणि तोवर कामाचं बटण मागे अडकून राहतं. त्यात गोठ्यातली रेंज म्हणजे असून नसल्यासारखी. गाडीत दगड भरलेत म्हणून रस्ता रुंद करा, तसला तो मोठ्या सर्व्हरचा सल्ला.

मी पानाचं पोट उघडून बघितलं. प्रत्येक संचालकाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा वेगळ्या. ज्याच्या त्याच्या भाच्या-पुतण्यानं चिकटवलेल्या, म्हणून सनईसुद्धा प्रत्येकाची वेगळी. वाढदिवस कधीच उलटून गेलेले, पाकळ्या अजून पडतायत. एका महाभागानं तर बर्फ पाडला होता. कोल्हापुरात! आमच्याकडे चौकात आपला फ्लेक्स लागला नाही की माणूस रुसतो. या मंडळींनी वेबसाइटचाच चौक करून टाकला होता.

हे सगळं काढायचं, मी म्हणाले.

"म्याडम, एकाचं काढलं की तो मीटिंगला यायचा न्हाय," चेअरमन म्हणाले. "सगळ्यांची संमती आणा, मग काढा."

ब्याद टळली, असं त्यांना वाटलं असणार. बाहेर आल्यावर काकूंनी माझा हात धरला. दुसरी पण गेली तर घरात दुधाचा थेंब उरायचा न्हाय, एवढंच बोलल्या आणि एसटी गाठायला गेल्या. माझं डोकं सणकलं होतं.

मी एकेका संचालकाला फोन लावला. पान जड झालंय, कुणाकुणाच्या शुभेच्छा काढू, एवढंच विचारलं. काय उत्साह एकेकाचा! स्वतःचं नाव सोडून बाकीची नावं धडाधड सांगितली. एक जण दुसऱ्याबद्दल म्हणाला, त्याचं थोबाड बघून म्हस आटंल, पयलं त्येचं काढा. शेवटी चेअरमनना विचारलं. "माझं राहू दे, बाकीच्यांचं बघा," ते म्हणाले.

झाली सगळ्यांची संमती. मी प्रत्येकाचं ऐकलं आणि सगळ्यांचंच काढलं. सनई गेली, बर्फ गेला, कुणीही उत्तर न देणारी चॅटची खिडकी गेली. वर बटण ठेवलं, खाली गावाचं नाव आणि फोन नंबर लिहायची जागा. पान टिचकीसरशी उघडायला लागलं.

त्याच आठवड्यात काकूंची म्हैस व्याली आणि बसली. काकूंनी बटण दाबलं. थोड्या वेळानं डॉक्टरची मोटारसायकल गोठ्यापुढं. संध्याकाळी काकूंचा फोन आला. "उठली बघ पोरी. वैरण खायला लागलीया." मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

पहिल्या म्हशीबद्दल मात्र संघातून कुणी दिलगिरीचा शब्द काढला नाही. आणि आजवर एकाही संचालकानं मला विचारलेलं नाही की आमच्या शुभेच्छा कुठे गेल्या. विचारायला एकदा तरी वेबसाइट उघडून बघावी लागते.