टायरवर बसलेले घट

चहा घ्या आधी, कारण हे ऐकून तुम्ही हसणार आणि मग चहा नाकात जाणार. स्वतःची फजिती मीच सांगतोय. नाहीतर आमचा दोस्त देशपांडे सांगेल, आणि त्याचं तिखटमीठ तुम्हाला ठाऊक आहेच!

तर मी पिकअप ट्रक घेतला. कॅल्गरीत ऑफिसात बसून पाइपलाइनची ड्रॉइंग्ज तपासणाऱ्या माणसाला पिकअप कशाला? बायकोनं, वृषालीनं, विचारलंच. मी म्हटलं, "महाराष्ट्र मंडळाच्या कामाला!" ती एवढंच म्हणाली, "बरं."

मग विंटर टायर. ते निवडायला मी तीन महिने घेतले. लग्नाला इतके घेतले नव्हते! त्यानंतर जो भेटेल त्याला माझं व्याख्यान. सात डिग्रीखाली साधं रबर कडक होतं. टायरच्या बाजूवर डोंगर आणि त्यात बर्फाचं फूल कोरलेलं असेल, तोच खरा विंटर टायर. देशपांडे बिचारा बारा महिने त्याच ऑल-सीझन टायरवर जुनी गाडी हाकतो. त्याला मी तोंडावर 'आत्मघातकी' म्हणायचो. नागपूरहून आलेल्या सासूबाईंनाही मी मोबाइलवर ते डोंगर-फूल मोठं करून दाखवलं होतं. त्या सहा महिन्यांसाठी आलेल्या, पळून जाणार कुठे?

नवरात्रात आमच्याकडे घट बसतात. ऐनवेळी कळलं, आपला चौरंग गणपतीत मंडळाच्या हॉलवरच राहिलाय. वृषाली हवालदिल! मला मात्र झकास सुचलं. बेसमेंटमध्ये काळ्या पिशव्यांत गुंडाळलेले ट्रकचे चार टायर पडून होते. दोन-दोनाच्या दोन राशी केल्या, वर फळी टाकली, फळीवर जरीची साडी. चौरंगाच्या तोंडात मारेल असा थाट!

सासूबाई घुटमळल्या. "टायर? देवीला चालेल का हो, सुहासराव?"

"आई, देवीला वाहन लागतंच की!"

माझ्या विनोदावर मीच हसलो. तिसऱ्या माळेला सकाळी पडदा सरकवतो तर काय? अंगण, रस्ता, ट्रक, सगळं पांढरंफेक!

"वृषाली! विंटर टायर!"

"त्यांच्यावर घट बसलेत."

"पाच मिनिटं उचलू, टायर काढू, खाली दुसरं काहीतरी…"

सासूबाईंनी पोथी मिटली. "सुहासराव, बसलेला घट दसऱ्याआधी हलवत नाहीत."

संपला विषय. आणि शनिवारी मंडळाचा भोंडला! टेबलं, लाकडी हत्ती, खिरापतीचं पातेलं, सगळं माझ्या पिकअपमधून येणार असा मी शब्द दिलेला. इज्जतीचा प्रश्न. पण विंटर टायरशिवाय ट्रक काढायचा? मी? अख्ख्या कॅल्गरीला शिकवून? छे!

चार दिवस बसनं ऑफिस केलं. स्टॉपवर नाक गळून पडायची वेळ आली. शनिवारी नाक मुठीत धरून देशपांडेला फोन केला.

तो आला. टेबलं मावेनात, ती राहिली. हत्ती टपावर बांधला. वाटल्या डाळीचं पातेलं माझ्या मांडीवर.

"काय प्रोफेसर, बसताय ना आत्मघातकी गाडीत?"

"गप. हळू चालव!"

हळूच चालवत होता हो. पण हॉलच्या वळणावर गाडी घसरली, हत्ती डुलला आणि निम्मी डाळ माझ्या जॅकेटवर! भोंडल्यात बायकांनी खिरापत ओळखायची असते. त्या दिवशी कुणाला डोकं खाजवावं लागलं नाही. माझ्याकडे बघून सगळ्या एका सुरात ओरडल्या, "वाटली डाळ!"

दसऱ्याला घट हलले. लगेच घरी येऊन टायर बदलून देणाऱ्या सरदारजींना बोलावलं. त्यांच्या मागोमाग देशपांडेही सोनं द्यायला हजर. सगळे ड्राइव्ह-वेवर. मी ऐटीत पिशव्या आणून ठेवल्या. एका पिशवीच्या घडीत घटाची माती सांडून गव्हाचे चार कोंबही आले होते.

सरदारजींनी पिशवी उघडली. आत पाहिलं. मग ट्रककडे पाहिलं. परत पिशवीत पाहिलं.

"भाईसाब, ये तो ऑल-सीझन हैं."

"नहीं नहीं, विंटर हैं!"

"विंटर तो गाडी पे लगे हुए हैं."

मग आठवलं. एप्रिलमध्ये टायर बदलायची अपॉइंटमेंट होती. त्या दिवशी बर्फ पडला म्हणून मीच ती पुढे ढकलली होती. ती जी ढकलली, ती ढकललीच! उन्हाळाभर ट्रक घूं घूं करायचा आणि मी म्हणायचो, ट्रक आहे, आवाज करणारच.

"गर्मी में भी यही चलाए? आधे घिस गए!" सरदारजी हळहळले.

देशपांडे हसून हसून बर्फातच बसला. वृषालीनं डोक्याला हात लावला. मी आशेनं सासूबाईंकडे पाहिलं. घरात माझी बाजू घेणाऱ्या त्या एकट्याच.

"मला दिसलं होतं हो," त्या शांतपणे म्हणाल्या. "तिसऱ्या माळेला बर्फ बघायला बाहेर आले ना, तेव्हाच. डोंगर, फूल, अगदी तुम्ही शिकवलंत तसंच. पण म्हटलं, एवढे तज्ज्ञ जावई, त्यांना आपण काय सांगायचं?"