पंख्याची घरघर

कागल एमआयडीसीत नेटवर्कची राखण करणाऱ्या पेट्या तपासायचं काम माझ्याकडं हाय. पेटीला वायर जोडायची, संगणकावर तपासणीचा तास-दीड तासाचा प्रोग्राम चालवायचा. हिरवं आलं की पास. चौथी शिकलेल्याला तेवढं पुरतं.

परवा एक पेटी हिरवी आली, पण आतला पंखा घरघरत होता. कबनूरला जन्मभर माग चालवले. यंत्राच्या आवाजात माझा कान फसत न्हाय. साहेब हसले, "आबा, प्रोग्राम पास म्हणतोय. तुमच्या कानाला कोण विचारतंय?"

मी हट्टानं दिवसभर तीच पेटी तपासत बसलो. पाचव्या खेपेला पेटी तापली आणि लाल आलं. वळून बघितलं, तर सगळे घरी गेलेले.

घरी बायको असती, तर म्हणाली असती, "व्हय, लई शाणं! हात धुवा आता."

मी हात धुतले आणि एकट्यानं जेवलो.