फुटलं तर कळलं पाहिजे

"मॅडम, हे आत फुटलं तं मले समजन कसं?"

विशाखाताईंनी हे विचारलं तेव्हा माझ्या हातात इम्प्लांटची तुलना करणारा तक्ता होता. मीच केलेला. त्यात किंमत होती, आकार होता, फुटल्यावर कळण्याबद्दल काहीच नव्हतं.

विशाखाताई दिग्रसच्या, एसटीत कंडक्टर. कॅन्सरमुळे डावा स्तन काढून वर्ष झालं होतं. ब्लाउजमध्ये पॅड ठेवून त्या ड्यूटीवर गेल्या. पण तिकिटांच्या बॅगेचा पट्टा छातीवरून जातो. गर्दीत तो ओढला गेला की पॅड खांद्याकडे सरकायचा. एकदा एक प्रवासी हसून काहीतरी बोलला. तेव्हापासून त्या रजेवर. नवरा कापसाच्या जिनिंग कारखान्यात, आणि ती वर्षं अशी की कारखाना दिवाळीनंतर जेमतेम दीड महिना चालायचा. घर विशाखाताईंच्या पगारावर होतं आणि रजा संपत आली होती.

मी यवतमाळच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये ज्युनियर सर्जन होते. प्लास्टिक सर्जन सर एक शनिवार सोडून नागपूरहून यायचे. त्यांनी कातडी ताणायला आत एक्सपांडर बसवला होता, म्हणजे सुईने थोडं थोडं सलाईन भरून फुगवायची पिशवी. आता ती काढून कायमचं इम्प्लांट बसवायचं होतं. कुठलं, हे समजावणं माझ्याकडे होतं. मला ते नको होतं. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत; 'स्तन' म्हणताना मी कागदाकडे बघायचे.

इम्प्लांट मुख्यतः दोन प्रकारची. कवच दोन्हींचं सिलिकॉनचंच. एकात सिलिकॉनचं जेल, दुसऱ्यात सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी. जेलचं हाताला खऱ्यासारखं लागतं. सलाईनच्या कधी कधी वरून सुरकुत्या दिसतात. दोन्हींभोवती शरीर आपला पडदा तयार करतं, तो कधी आवळून दुखतो. जन्मभर टिकेल याची खात्री दोन्हींची नाही. सर जेलचंच बसवायचे.

विशाखाताईंच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. कुणी विचारलं नव्हतं म्हणून मी ते सांगत नव्हते. आता सांगितलं. सलाईनचं फुटलं तर एक-दोन दिवसांत चपटं होतं, पाणी अंगात जिरतं. जेलचं फुटलं तर बाहेरून बहुतेकदा काहीच कळत नाही. त्यासाठी एमआरआय लागतो, आणि तो तेव्हा नागपूरला.

"मंग मी काय घडीघडी नागपूरले फोटो काढाले जाऊ? रजा कोन देते? मले पान्याचंच द्या."

"बहुतेक जणींना जेल बरं वाटतं," मी म्हटलं.

"त्या काय दिग्रस-पुसद गाडीत उभ्या राह्यतात का?"

शनिवारी सरांनी फाइल उघडली. "सलाईन? तू घाबरवलंस तिला."

"त्यांनीच विचारलं, सर."

"जेल काय रोज फुटतं का?"

"नाही. पण फुटलं तर त्या नागपूरला तपासायला येणार नाहीत."

सरांपुढे इतकं मी कधी बोलले नव्हते. त्यांनी पेनचं टोपण लावलं. "मागव. सुरकुत्या दिसल्या तर उत्तर तू द्यायचं."

ऑपरेशननंतर दोन महिन्यांत विशाखाताई ड्यूटीवर गेल्या. मला मात्र चैन नव्हतं. ओपीडीच्या बाकावर खाकी दिसली की मी आधी चेहरा बघायचे. निर्णय त्यांचा होता, पण सरांपुढे बाजू मी मांडली होती.

सव्वा वर्षाने खरंच खाकी आली.

"बसलं, मॅडम."

"कधी?"

"सकाळी ब्लाउज ढिला लागला. पह्यली फेरी केली अन् आली."

"दुखतंय?"

"नाही. पन डावा हात छातीसमोर धरून तिकीट फाडत होती, कोनाले दिसू नये म्हनून."

सरांनी पुढच्या शनिवारी इम्प्लांट काढलं आणि ट्रेमध्ये मला दाखवलं. कवचाला एक घडी पडली होती आणि त्याच घडीवर ते झिजलं होतं. "घडीवर जेलचंही झिजतं," सर म्हणाले. फक्त ते बाहेरून कळलं नसतं. नवं कुठलं बसवायचं ते ऑपरेशनआधी त्यांनी विशाखाताईंनाच विचारलं होतं.

"तेच," त्या म्हणाल्या होत्या. "अन् रजा किती लागन ते आत्ताच लिहून द्या."

तीन आठवडे लागले. मग पुन्हा दिग्रस-पुसद.

सर्वांत सुरक्षित इम्प्लांट कुठलं, असं आजही पेशंट विचारतात. कधीच बिघडणार नाही असं एकही मी पाहिलेलं नाही. म्हणून मी आधी काम काय करता ते विचारते, आणि मग तपासायला किती लांब जावं लागेल ते.