आयुष्यभर पुरणारं तेल

आमच्या गल्लीच्या तोंडाशी घड्याळजींचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक काउंटर, एक दिवा आणि डोळ्याला भिंग लावून बसलेले घड्याळजी. बंद पडलेलं घड्याळ घेऊन कुणी आलं, की ते आधी गिऱ्हाइकाला फैलावर घेतात. "चालतंय म्हणून तसंच ठेवलंत? आतलं तेल सुकलं, की चाकं एकमेकांना खातात." या धाकानं मीही माझं धडधाकट घड्याळ दोनदा साफ करून घेतलं आहे.

असा माणूस स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मात्र अगदी भोळा निघाला.

त्यांचा डावा गुडघा वाकत नाही. क्लच दाबणं जमत नाही, म्हणून त्यांनी ऑटोमॅटिक गिअरची एक जुनी गाडी घेतली. विकणारा म्हणाला होता, "याच्या गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर पुरतं." घड्याळजी त्या एका शब्दावर निर्धास्त झाले. इंजिनाचं तेल वेळच्या वेळी बदलायचे, पण गिअरबॉक्सकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

हळूहळू गाडी कुरकुरू लागली. गिअर टाकला, की आधी विचार करायची, मग धक्का देऊन निघायची.

"वय झालं तिचं," ते म्हणायचे.

"तुमच्यावर गेलीय," बायको म्हणायची.

अशात त्यांची मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन पहिल्यांदाच माहेरी यायची ठरली. "स्टेशनवरून नात घरी येईल ती माझ्या हातानं. दुसऱ्या कुणी गाडी चालवायची नाही," असं घड्याळजींनी बजावून ठेवलं. रोख मेहुण्यावर होता. मेहुण्याचं ड्रायव्हिंग स्कूल आहे आणि जगातल्या प्रत्येक माणसाकडे तो शिकाऊ म्हणूनच बघतो.

आदल्या दिवशी सकाळी गाडीनं पुढं जायचं साफ नाकारलं. इंजिन नुसतं ओरडत होतं. मागं मात्र झकास जात होती. घड्याळजींनी मान वळवली आणि गॅरेजपर्यंतची अख्खी वाट उलटी कापली. कोपऱ्यावरच्या भाजीवालीनं काळजीनं विचारलं, "काही घरी विसरलं का?"

गॅरेजवाल्यानं तेलाची पट्टी ओढून फडक्याला पुसली. लाल दिसायला हवं ते तेल काळंकुट्ट झालं होतं आणि त्याला जळका वास येत होता.

"काका, हे कधी बदललं होतं?"

"ते आयुष्यभर पुरतं."

"पुरलं की. संपलं आयुष्य."

"कुणाचं?"

"गिअरबॉक्सचं. आतल्या चकत्या झिजल्यात. आता नुसतं तेल ओतून भागायचं नाही. अधूनमधून बदलत गेला असतात, तर अजून कितीतरी वर्षं पळाली असती. आता पंधरा दिवस तरी विसरा."

हीच बोलणी घड्याळजी रोज दुसऱ्यांना ऐकवत आले होते.

घरी पोचले तर मेहुणा हजर. "मी आणतो की पोरीला, भावोजी. तुम्ही आरामात मागं बसा. मागं जायची सवय झालीच आहे तुम्हाला."

घड्याळजी त्या दुपारी जेवले नाहीत. बायकोनं झाकलेल्या ताटाकडे पाहिलं, मग भावाकडे.

"काय रे, तुझ्या शिकवायच्या गाडीला तुझ्या पायाशीही क्लच असतो ना?"

"असतो. शिकणारे घाबरतात, म्हणून."

"मग तू क्लच दाब. बाकी सगळं हे करतील."

ही कल्पना दोघांपैकी एकालाही आवडली नाही, त्यामुळे ती लगेच मंजूर झाली.

दुसऱ्या दिवशी टपावर शिकाऊची पाटी मिरवत गाडी स्टेशनहून निघाली. मागं आजी, मुलगी आणि दुपट्यात झोपलेली नात.

"क्लच."

"दाबला."

"सोड. हळू, बाळ आहे."

"भावोजी, आरशात बघा, इंडिकेटर..."

"तुझा फक्त पाय बोलावलाय," बहीण मागून म्हणाली. "तोंड नाही."

मुलीला काही कळेना. "मामा, तू नक्की काय करतोयस?"

"मी गिअरबॉक्स आहे," मामा म्हणाला.

गाडी दाराशी थांबली तेव्हाही बाळ झोपलेलंच होतं. मेहुण्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, त्याला उतरवेना. घड्याळजींनी आधी त्याला हात देऊन उभं केलं आणि मग नातीला उचलून घेतलं.

"परवा डॉक्टरांकडे न्यायचंय हिला," उंबरा ओलांडताना ते मेहुण्याला म्हणाले. "सकाळी वेळेवर ये. आणि पायाला तेल लावून ये."