घुंगरमाळेची लॉरी

लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेल्या गाड्यांचा सिकंदराबादेत लिलाव झाला, आणि माझे यजमान त्यातली एक लॉरी घेऊन कंधारला आले. घरची बैलजोडी विकून हे लोखंडी धूड आणलं म्हणून मी कितीतरी दिवस धुसफुसत होते. सुताराकडून त्यांनी मागं बाभळीच्या फळ्या ठोकून घेतल्या. नांदेडला कापूस न्यायचा, येताना मीठ, रॉकेल आणून गावोगाव विकायचं.

खाकी रंग मात्र तसाच ठेवला, रंगावर खर्च कशाला! झालं, लष्कर आलं समजून लोक ज्वारीत पळायचे. मग पोळ्याला ह्यांनी चक्क लॉरी पूजली, तिला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला आणि विकलेल्या बैलांची घुंगरमाळ तिच्या तोंडाला बांधली. तेव्हापासून माळ वाजली की बायका डबे घेऊन रस्त्यावर येत. माझ्या माहेरी तर आईच पहिली.

निजामाचं राज्य शेवटच्या घटका मोजत होतं. हत्यारबंद टोळ्या गावं जाळत सुटल्या होत्या. एका सकाळी त्यातली एक आमच्या दारात आली. ह्यांना काठ्यांनी झोडपलं, दात पाडले, मानेला तलवार लावून लॉरी हाकायला बसवलं. लॉरी माझ्या माहेरच्या वाटेला वळली, माळ वाजवत. मी शेतातून अनवाणी धावत सुटले, पण लॉरीला पायांनी कुठं गाठणार!

मी पोचले तेव्हा गाव पेटलं होतं. रस्त्यावर बायका पडल्या होत्या, कुणाच्या हातात डबा तसाच. आईचा गळा चिरलेला होता.

दुसऱ्या दिवशी यजमान पायी घरी आले. मी पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहिले.

"वाटंत नाला व्हता. गाडी त्यात का न्हाई घातली?"

ते उंबऱ्यावर टेकले. मग म्हणाले, "मनात आलं व्हतं. पर मला जगायचं व्हतं."

"आन् माय?"

"हसत पुढं आली. म्हणली, जावईबापू, आज लई लवकर?"

मी भरला तांब्या त्यांच्या तोंडावर हाणला. फुटक्या हिरड्यांतून पुन्हा रक्त आलं. त्या माणसाची मला किळस आली. मग मीच पदरानं त्यांचं तोंड पुसलं, कारण मला आता तेवढेच उरले होते.