नेफ्याचं उघडं तोंड

कुसुम गेल्याची बातमी आली तेव्हा मी थाप मारत होते. महाल भागातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची चक्की आहे. तिथे डबा रांगेत लावून मी बायकांना सांगत होते की माहेरच्या परसात एवढं मोठं वांगं लागलं, की ते इतवारीच्या बाजारात न्यायला सायकलरिक्षा करावी लागली आणि रिक्षावाल्याने दोन सवारींचं भाडं मागितलं. बायका पोट धरून हसत होत्या. तेवढ्यात कुसुमचे यजमान वामनराव समोरून आले. एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्यात कुसुमची. मी चपलांकडे पाहिलं आणि वांग्याची गोष्ट तिथेच राहिली... अजून पुरी झालेली नाही.

कुसुम माझी शेजारीण, बावीस वर्षांपासूनची. आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांत एकच भिंत, आणि त्या भिंतीला लागून तिचं हातमशीन. तिने हँडल फिरवलं की माझ्या फळीवरची भांडी नाचायची. एकदा तर तिने गादीची खोळ शिवायला घेतली आणि इकडे माझ्या ताकाचं लोणी निघालं. (हे खरं आहे. बरं, अर्धं खरं आहे.) मी तोंडाचं मशीन आणि ती हाताचं, असं गल्लीत म्हणत. "तू बोल वं, मी टीप मारते," हे तिचं ठरलेलं वाक्य. माझं बोलणं फारच वाहवत गेलं की दातांनी दोरा तोडत म्हणायची, "बेबी, तुह्या गोष्टीले इलास्टिक लावलं आहे काय? किती ताणशील?"

तर त्या इलास्टिकचीच गोष्ट सांगायची आहे.

होळीच्या आधीची दुपार. कुसुमने खिडकीतून हाक मारली, "बेबी, इकडे ये वं. दार लोटून घे."

"काहून? कोणाचा मुडदा पाडला काय?"

ती हसली नाही. जमिनीवर इतवारीतून आणलेलं छापील सुती कापड पसरलं होतं, गर्द निळ्यावर पांढरी फुलं. तिला लांब स्कर्ट शिवायचा होता, घोट्यापर्यंत, कमरेला इलास्टिक घातलेला. तिच्यासाठी. बेचाळीस वर्षांची बाई, जन्मात साडीशिवाय काही नेसली नाही! मी थट्टा सुरू करणार तोच तिने पदर बाजूला करून कमर दाखवली. परकराच्या नाडीने कातडीवर काळानिळा चर पडला होता. पोटात दुखायचं, नाडी सहन व्हायची नाही. सैल बांधली तर साडी खाली यायची, कारण धरून ठेवायला कमर उरली नव्हती. अंगावरच्या सहा वार कापडाखाली ही बाई कधी आटत गेली, ते भिंतीपलीकडे राहून मला कळलं नव्हतं.

"दवाखान्यात चाल," मी म्हटलं. "आत्ता, अशीच."

"जाऊ. नंदाचा शेवटचा पेपर झाला का दुसऱ्या दिवशी जाऊ."

नंदा तिची एकुलती एक. बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. कातर कापडावरून सरसर नेत कुसुम खालच्या मानेनेच बोलत राहिली. "माही माय अंथरुणाले लागली तवा मी सातवीत होती. बाबा म्हणाले, चार दिवस घरी राह्य, रांधून घाल. ते चार दिवस अजून सरले नाहीत, बेबी. नंदाले समजलं तर तिले कोणी सांगायचीही गरज नाही. ती आपल्या पायानं चुलीपाशी येऊन बसते." मग कातर खाली ठेवली. "तुले गोष्टी रचता येतात. आजवर फुकट रचल्या. एक माह्यासाठी रच."

मी काय करावं? तिने माझा हात नंदाच्या वहीवर ठेवून कोणाला न सांगण्याची शपथ घातली होती.

शिवायला तासही लागला नाही. दोन पट्टे जोडले, खाली दुमड घातली, वर कमरेशी कापड दुमडून इलास्टिकसाठी नळी शिवली, म्हणजे नेफा. इलास्टिकच्या टोकाला सेफ्टी पिन लावून ते नेफ्यात सरकवायचं, चाचपत चाचपत पुढे न्यायचं. आंधळा साप बिळात शिरावा तसं ते शिरत होतं. दोन्ही टोकं जोडून तिने आत ढकलली. राहिलं ते दोन बोटांचं उघडं तोंड.

"हे शिव नं," मी म्हटलं.

"राहू दे. पुन्हा काढा लागंल."

त्या संध्याकाळी मी चक्कीवर उभं राहून जाहीर केलं की माझ्या मावसबहिणीची जाऊ मुंबईला मोठी डॉक्टरीण आहे, आणि तिने सांगितलंय की उन्हाळ्यात कमरेला नाडी आवळणं म्हणजे भट्टीला झाकण लावणं. शहाण्या बायका आता इलास्टिकचा लांब स्कर्टच घालतात. मला मावसबहीण नाही. पण थाप अशी बसली म्हणता! त्या साली ऊनही असं होतं, की नळाखाली चहापत्ती धरली असती तर चहा झाला असता. पंधरा दिवसांत गल्लीतल्या निम्म्या बायका घरात स्कर्ट घालून वावरू लागल्या. ओट्या-ओट्यांवर लाल, पिवळे, हिरवे घेर. सगळ्या कुसुमकडे शिकायला यायच्या आणि ती सगळ्यांचा नेफा तोंडापर्यंत शिवून बंद करून द्यायची. फक्त स्वतःचा सोडून. त्या गजबजलेल्या घेरांमध्ये तिचा घेर कोणाच्या डोळ्यांवर आला नाही. मी हुशार ठरले. इतकी हुशारी मी कोणा दुष्मनासाठीही वापरू नये.

दर दोन-तीन आठवड्यांनी खिडकीतून हाक यायची. मी दार लोटायची. ती नेफ्याच्या तोंडातून इलास्टिक ओढून काढायची, मी तिच्या कमरेभोवती धरायची, ती म्हणायची, "आणखी आवळ." मग कातर. तुटलेला तुकडा माझ्या मुठीत द्यायची, नंदाच्या हाती लागू नये म्हणून. पहिला दोन बोटांचा होता. दुसरा तीन बोटांचा. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "पुरे झालं वं, मी सांगते नंदाले." ती म्हणाली, "चार पेपर राहिले." जणू स्टेशनं मोजत होती. चौथा तुकडा शेवटच्या पेपरच्या आठवड्यातला. भिंतीपलीकडचं मशीन आता वेगळं वाजायचं. खटखटखट... मग नुसती शांतता... मग एकच खट. मी हातातलं काम टाकून पुढच्या आवाजाची वाट पाहत उभी राहायची.

एकदा मात्र मी शपथ मोडली. वामनराव ओट्यावर पेपर वाचत होते. मी म्हटलं, "भाऊजी, कुसुम अर्धी झाली हो."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बेबीताई, तुमच्या मापानं अर्धी म्हणजे आमच्या मापानं पावभर उतरली असंल. तुमच्या वांग्याले रिक्षा लागते!" आणि ते हसले. भला माणूस, मनापासून हसला. मीही हसले. दुसऱ्यांदा, न हसता, तेच वाक्य म्हणायला फार तर दोन क्षण लागले असते. आतून मशीनची एकच खट ऐकू आली आणि मी घरी निघून आले.

शेवटच्या पेपरच्या दिवशी कुसुमने नंदाच्या हातावर दही ठेवलं, दारापर्यंत गेली, ती वळणाआड होईपर्यंत उभी राहिली आणि मग उंबरठ्यावर बसली. पुन्हा आपली आपण उठली नाही. दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "दोन महिने आधी आणायचं होतं," एवढं बोलून त्यांनी पेनाचं टोपण लावलं. आधी आणलं असतं तर काय झालं असतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायला माझी जीभ उचलली नाही. गल्लीत कोणाला खरं वाटेल? माझी जीभ!

गेल्या आठवड्यात नंदा पेढे घेऊन आली. पास झाली, चांगले मार्क पडले. दुसऱ्या हातात तो निळा स्कर्ट, माझ्यासाठी, आईची आठवण म्हणून. बसली, आणि कमरेकडचं कापड दोन्ही हातांनी ताणून पाहत म्हणाली, "मावशी, हे इलास्टिक पाहिलं काय? शाळेतल्या पोरीले तरी बसंल का?" मग वर पाहिलं. डोळे थेट आईचे. "तुले माहीत होतं?"

बावीस वर्षं या गल्लीने माझं प्रत्येक वाक्य निम्मं करून ऐकलं आहे.

"मले काय माहीत असणार वं," मी म्हटलं.

तिने अख्खं ऐकलं. मान हलवली, माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडली. म्हणाली, "तुले माहीत असतं तर तू सांगितलंच असतं."

तेव्हापासून तो स्कर्ट माझ्या खुंटीवर आहे. नेफ्याचं तोंड उघडं आहे, दोन बोटांचं. काल सुई ओवून बसले होते. हात पुढे होईना. भिंतीपलीकडे मशीनवर नंदाने कापड टाकून ठेवलंय. फळीवरची भांडी अगदी गप्प आहेत, आणि मी मात्र अजून पुढच्या आवाजाची वाट पाहत असते.

नंदा, पेपरच्या ज्या पुरवणीत मी हे छापायला देते आहे, ती तुमच्या घरी येते आणि तू ती पहिल्या पानापासून वाचतेस. माझ्या मसाल्याच्या डब्यामागे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात इलास्टिकचे चार तुकडे आहेत. ये, आणि आपल्या बोटांनी मोज. माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडायची तुम्हां सगळ्यांना सवय आहे. यातलं काही सोडू नकोस.